खुंटीला टांगलेला पाय

वाचकहो, घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या घराच्या ओसरीवर आपण बसला आहात, अशी कल्पना करा. भिंतीच्या खुंट्यांवर कासरा आहे, छत्री आहे, बाजाराची पिशवी आहे. आणि शेवटच्या खुंटीवर पट्ट्याने अडकवलेला, गुडघ्याखालचा एक कृत्रिम पाय आहे. त्याचा रबरी पंजा धुळीने पांढुरका पडला आहे. ज्याचा तो पाय, तो गृहस्थ समोरच बाजेवर बसलेला, हाताशी कुबडी. ‘पाय असताना घालत का नाही?’ असे आपण विचारले, तर उत्तर चार शब्दांत येते. टोचतो. सैल झाला. पट्टा तुटला. आणि मग थोड्या वेळाने, जरा ओशाळून: ‘शिबिरात फुकट मिळाला होता, आता कुणाकडे तक्रार करायची?’

असा गृहस्थ मराठवाड्यात शोधावा लागत नाही. त्याला पाय देणाऱ्यांनी फसवणूक केलेली नसते. पाय खरा असतो, देणाऱ्यांची तळमळही खरी असते. चूक वेगळीच आहे. घोंगडी वाटावी तसा पाय वाटता येत नाही. घोंगडी घेणाऱ्याच्या अंगावर आली की देणाऱ्याचे काम संपते. पाय घेणाऱ्याच्या अंगावर आला की देणाऱ्याचे काम सुरू होते. जालना जिल्ह्यात विहिरीवरची मोटार जळली, तर शेतकरी ती सायकलवर नाहीतर दुचाकीवर टाकून तालुक्याच्या गावी नेतो आणि एक-दोन दिवसांत भरून आणतो. मोटार रिवायंडिंगचे दुकान नाही असे बाजाराचे गाव सापडणे कठीण. त्याच शेतकऱ्याच्या पायाचा पट्टा तुटला, तर तो कोणत्या दुकानात नेणार? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

कोणाला लागतो हा आधार?

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. गेलेल्या अवयवाच्या जागी जे बसते, त्याला प्रोस्थेसिस म्हणतात. असलेल्या पण दुबळ्या, वाकड्या किंवा बधिर अवयवाला जे आधार देते, ते ऑर्थोसिस. जयपूर फूट हा पहिला प्रकार. पोलिओचा कॅलिपर, पक्षाघातानंतर लोंबणारे पाऊल उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी, वाकड्या पायाच्या बाळाचे दांडी लावलेले बूट, पाठीचा पट्टा, आणि बधिर तळव्यांसाठीची मऊ रबराची चप्पल हा सगळा दुसरा प्रकार. आपल्या बोलण्यात पहिला प्रकार येतो, दुसऱ्याची गरज मात्र संख्येने कितीतरी मोठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज असा, की कोणत्याही लोकसंख्येत सुमारे अर्धा टक्का माणसांना या दोहोंपैकी काही ना काही लागते. २०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ भरली. अंदाज तसाच लावला, तर जिल्ह्यात सुमारे नऊ हजार आठशे माणसे झाली. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठ तालुक्यांत हा आकडा वाटला, तरी प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला बाराशेच्या आसपास माणसे येतात. एखाद्या मोठ्या शिबिरात पन्नास-शंभर पाय बसवल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

पाय जातात कशाने? युद्धाने किंवा भूसुरुंगाने जाण्याचा काळ आपल्याकडे नाही. मळणीयंत्रात आणि कडबाकुट्टीत हात-पाय सापडतात. विजेच्या धक्क्याने जळतात. महामार्गावर दुचाकीखाली येतात. जालन्याच्या लोखंड-सळईच्या कारखान्यांत काम तापलेल्या लोखंडाशी आणि अवजड यंत्रांशी असते. तिथल्या अपघातांचे स्वरूप सांगायला नको. परंतु या सर्वांच्या पुढे, न बोलता, मधुमेह चालला आहे. पायाला बधिरता येते, काटा रुतल्याचे कळत नाही, जखम चिघळते, आधी बोट जाते, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाला मधुमेह व्हायचा नाही ही जुनी समजूत आता सोडून द्यावी लागेल.

यात एक पिढी अशी आहे, की जी आपण विसरू पाहत आहोत. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. या यशाचा आनंद योग्यच आहे. पण ज्यांना त्याआधी पोलिओ झाला, ती मुले आज चाळिशी-पन्नाशीची माणसे आहेत. त्यांचे वजन वाढले, खांदे आणि चांगला पाय झिजला, कॅलिपरचे सांधे सैल झाले. आजार इतिहासजमा झाला. कॅलिपर झाला नाही.

१९८१ साल

कृत्रिम पायाचा आपल्या देशातला इतिहास रोचक आहे आणि त्यातून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली उभी राहिली. पण त्या काळचा पाय पाश्चात्त्य घडणीचा होता. त्याचे पाऊल ताठ. बूट घातल्याशिवाय ते शोभत नसे आणि टिकतही नसे. ज्या माणसाला उकिडवे बसायचे आहे, मांडी घालून जेवायचे आहे, अनवाणी देवळात जायचे आहे, नमाजासाठी गुडघ्यांवर बसायचे आहे, त्याला तो पाय घरात अडचणच होई.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले परंतु हाताचे अलौकिक कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास यावर उपाय काढला. असे सांगतात, की रस्त्याकडेच्या दुकानात टायरवर रबर चढवताना रामचंद्रजींनी पाहिले आणि रबराचे पाऊल साच्यात शिजवण्याची कल्पना त्यांना तिथे सुचली. टाचेत आणि पुढच्या भागात मऊ स्पंजी रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, वरून कातडीच्या रंगाचे चिवट रबर. हे पाऊल वाकते, मुरडते, चिखलात उतरते, बुटाविना चालते. पुढे पिंडरीच्या भागासाठी जाड प्लास्टिकचा, एचडीपीई जातीचा पाइप वापरात आला. शेतात पाणी वाहून नेणारे जे काळे पाइप आपण पाहतो, त्यांच्याच कुळातला. पाइप भट्टीत तापवून मऊ करायचा, रुग्णाच्या उरलेल्या पायाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर ओढून बसवायचा, गार झाला की खोबणी तयार. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय विनामूल्य देण्यास प्रारंभ केला आणि तो देशोदेशी नेला. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना या पायावर नाचताना चित्रपटात पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे.

योगायोग पाहा: डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते साल १९८१. दिव्यांगांना साधने देण्याची केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना सुरू झाली, ते सालही १९८१. आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे हा जिल्हा, ही योजना आणि या पायाची कीर्ती तिघेही समवयस्क. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा पाय बनवायचा कसा हा प्रश्न होता, तो सुटला. सध्याचा प्रश्न आहे तो, बनवलेला पाय चालता ठेवायचा कसा.

पाय बदलत नाही, माणूस बदलतो

वाचकांनी येथे थोडे शरीरशास्त्र समजून घ्यावे, कारण खुंटीचे कोडे इथेच उलगडते.

शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय, ज्याला डॉक्टर स्टंप म्हणतात, सुजलेला असतो. सूज हळूहळू ओसरते. ज्या स्नायूंना आता काम नाही, ते रोडावतात. त्यामुळे पहिले कित्येक महिने, कधी वर्षभर आणि अधिकही, स्टंपचा घेर कमी होत जातो. तिसऱ्या महिन्यात माप घेऊन केलेली खोबणी नवव्या महिन्यात सैल होणार, हे निश्चितच असते. यात कारागिराचा दोष नाही.

सैल झाल्यावर काय होते? गुडघ्याखालच्या पायात शरीराचा भार सगळीकडे सारखा घ्यायचा नसतो. गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर आणि पोटरीचा मांसल भाग तो सोसू शकतात. नडगीची धार, बाहेरच्या बाजूचे लहान हाड आणि स्टंपचे टोक सोसू शकत नाहीत. खोबणी अशीच घडवलेली असते, की भार सोसणाऱ्या जागी दाब यावा आणि नाजूक जागी पोकळी राहावी. स्टंप बारीक झाला, की तो खोबणीत खाली घसरतो. सारी गणिते अर्ध्या बोटाने चुकतात. जिथे पोकळी हवी तिथे हाड येते आणि टोक तळाला आपटते. मग लालसरपणा, मग फोड, मग व्रण. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा: पारा चाळिशीपार, प्लास्टिकच्या खोबणीत घामाचे तळे. मधुमेही माणसाला हा व्रण दुखतही नाही, म्हणून अधिक घातक.

प्रारंभी यावर उपाय सोपा असतो. स्टंपवर एकाऐवजी दोन मोजे, पुढे तीन. मोज्यांनी भागेनासे झाले की नवी खोबणी करायची; पाऊल तेच चालते. म्हणजे पहिल्या वर्षी दोन-तीन भेटी, एखादी नवी खोबणी, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी नजर. हे काम लांबलचक नाही, महागही नाही. पण ते करायला माणूस जवळ हवा.

एडिप योजनेचा सर्वसाधारण नियम असा, की एकाच प्रकारचे साधन प्रौढ व्यक्तीस तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांना ही मुदत एक वर्षाची आहे. सरकारी पैशाचा अपव्यय टळावा हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु स्टंप नियम वाचत नाही. सर्वाधिक बदल पहिल्या वर्षात होतो आणि नियम तीन वर्षे थांबायला सांगतो; हे दोन पाय एकमेकांच्या तालात पडत नाहीत. नव्या पायाची मुदत वेगळी आणि पहिल्या वर्षाच्या खोबणीबदलाची मुदत वेगळी, असा भेद करणे मला तरी अवघड वाटत नाही.

शिबिरांवर टीका करणे सोपे आहे आणि ती मी हात राखून करतो. दूरच्या गावातल्या, कधीही मुंबई-पुणे न पाहिलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत पायावर उभे करणे ही लहान गोष्ट नव्हे. शिबिर नसते तर पाय मिळालाच नसता, असे हजारो आहेत. तथापि एका बैठकीत माप, दुसऱ्या बैठकीत पाय आणि मग कायमचा निरोप, या रीतीला या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय जाणकारांनी अनेक वर्षांपासून आक्षेप घेतला आहे. ‘किती पाय बसवले’ हा आकडा शिबिराच्या फलकावर शोभतो. वर्षभराने त्यांतले किती पाय चालत होते, हा आकडा कुठल्याही फलकावर मी पाहिलेला नाही.

पट्टा दहा मिनिटांचा, प्रवास दिवसाचा

मंठ्याजवळच्या खेड्यातला माणूस तुटलेला पट्टा दुरुस्त करायला निघाला आहे असे समजा. आधी मंठा, मग जालना, आणि जालन्यात काम झाले नाही तर पुढे सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यास एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, हे खरे. पण बुडालेल्या मजुरीला सवलत नसते, आणि सोबत आलेल्या मुलाचीही मजुरी बुडते. काम दहा मिनिटांचे असते: एक रिव्हेट, वीतभर पट्टा. माणूस एकदा हिशेब करतो आणि पाय खुंटीला लावतो. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी तो हिशेब आपणही करून पाहावा.

बायकांच्या बाबतीत हिशेब आणखी निष्ठुर होतो. ‘ती तर घरातच असते, तिला कशाला पाय?’ हे वाक्य घरोघरी उघड बोलले जात नाही, पण वागण्यातून दिसते. वस्तुतः चुलीपुढे बसणे-उठणे, हंडा उचलणे, कापूस वेचायला सरीतून चालणे, यांत कृत्रिम पायाची जेवढी परीक्षा होते, तेवढी खुर्चीत बसून काम करणाऱ्या पुरुषाच्या पायाची होत नाही. माप द्यायला, स्टंप उघडा करायला तिला संकोच वाटतो. घरातली दुसरी स्त्री सोबत असली तर तो पुष्कळ कमी होतो.

मग टिकाऊ व्यवस्था म्हणजे काय? स्वस्त पाय एवढाच तिचा अर्थ नाही. परदेशी बनावटीचा भारी गुडघा कोणी दानात दिला आणि त्याचा सुटा भाग इथे मिळत नसेल, तर तो वर्षभरात अडगळीत जातो. याउलट ज्याचे पाऊल, पाइप, पट्टा सारे देशात मिळते तो साधा पाय अनेक वर्षे सेवा देतो. सामग्रीचा प्रश्न आपल्यापुरता बराचसा सुटलेला आहे. कानपूरचे सरकारी कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ, अर्थात अलिम्को, १९७२ साली स्थापन झाले ते याच कामासाठी. अडते ते माणसापाशी.

कृत्रिम अवयव आणि आधार-साधने यांचा तज्ज्ञ होण्यासाठी आपल्याकडे साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईची हाजी अलीची संस्था, कटक आणि कोलकाता येथील राष्ट्रीय संस्था, अशा मोजक्या ठिकाणी तो चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या सेवेची मानके प्रसिद्ध केली. त्यांत दहा लाख लोकसंख्येमागे असे किमान पाच ते दहा तज्ज्ञ असावेत असे धरले आहे. त्या मापाने जालना जिल्ह्याला दहा ते वीस लागतील. शिकलेला तरुण मोठ्या शहरातच राहतो याचे नवल नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्यासाठी कायमची जागा, भट्टी आणि ग्राइंडर असलेली लहानशी कार्यशाळा आणि वेळेवर पगार नसेल, तर तो येणार तरी कशाला?

कंबोडियाचे उदाहरण येथे आठवते. दीर्घ युद्धात आणि भूसुरुंगांनी त्या लहान देशात असंख्य माणसे पांगळी झाली. मदत करणाऱ्या परदेशी संस्थांनी पाय बनवलेच. पण १९९४ साली नॉम पेन्ह येथे या विद्येची शाळाही काढली. पुढे तिथे शिकून तयार झालेले कंबोडियन तज्ज्ञ स्वदेशात काम करू लागले आणि इतर देशांचे विद्यार्थीही तिथे शिकायला येऊ लागले. परदेशी कारागीर परत गेले तरी काम थांबू नये, याची तजवीज त्यांनी आधीच केली.

आपल्याकडे मधला मार्गही आहे. पदवीधर तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसावा आणि त्याच्या हाताखाली शिकलेला तंत्रज्ञ महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यावा. बाजाराचाच दिवस धरला तर उत्तम. लोक तसेही येतात. त्याच्या पेटीत पट्टे, रिव्हेट, मोजे, दोन-चार मापांची रबरी पावले आणि प्लास्टिक तापवण्याचे यंत्र असले, तरी खुंटीवरचे बरेच पाय त्या दिवशी खाली उतरतील. नवी खोबणी लागणाऱ्यांची यादी करून त्यांना जिल्ह्यास बोलवावे. खर्चाचे म्हणाल, तर महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींसह सर्व स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. या निधीतून वस्तूच वाटली पाहिजे असे नाही. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडून, दुरुस्तीच्या प्रवासाचा आणि मोज्यांचा खर्च त्यातून व्हावा, अशी मागणी आपण करू शकता.

जिथे पाठपुरावा हाच उपचार

पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला तर काय घडते, हे बाळांच्या वाकड्या पायांच्या उपचारात दिसते. हजारातल्या सुमारे एका बाळाचे एक किंवा दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले असतात. याला क्लबफूट म्हणतात. ग्रहणात आईने काही कापले म्हणून हे झाले, असे अजूनही सांगितले जाते. त्यात तथ्य नाही आणि आईला बोल लावणे हा अन्याय आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने दर आठवड्याला पाय हळुवार वळवून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बरेचसे सरळ येते. बहुतेक बाळांत टाचेची आखडलेली शीर एका लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. इथपर्यंत सर्वांना उत्साह असतो. खरी कसोटी पुढे: दांडीने जोडलेले दोन बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना.

पाय तर सरळ दिसतो, बाळ रडते, आजी म्हणते, ‘काढा ते, लेकराचे हाल करू नका.’ बूट सुटतात आणि काही महिन्यांत पाय पुन्हा वळू लागतो. म्हणून जिथे हे काम नीट चालते, तिथे कोणीतरी कुटुंबाला तारखेची आठवण देतो, बाळ वाढले की मोठे बूट देतो, आजीची समजूत घालतो. शाळा-अंगणवाड्यांतून मुले तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. आपल्या नात्यात असे बाळ जन्मले तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जिल्हा रुग्णालय गाठावे.

घरात काय करता येईल

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित असतात. स्टंपखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात, आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. वाकून आखडलेल्या गुडघ्याला कोणताही पाय नीट बसत नाही. पाय मांडीतून गेला असेल, तर दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपावे, म्हणजे जांघ आखडत नाही. लवचीक पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, टोकाशी घट्ट आणि वर सैल, अशी गुंडाळायला रुग्णालयातून निघण्यापूर्वीच शिकून घ्या. ती दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधावी लागते. जखम भरल्याखेरीज माप देण्याची घाई नको. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेहात त्याहून अधिक.

रुग्ण म्हणेल, ‘नसलेल्या पायाचा अंगठा ठणकतो.’ हसू नका, आणि बाहेरची बाधा समजून कोणाकडे नेऊ नका. मेंदूतल्या नकाशात तो पाय अजून आहे. ही वेदना खरी असते, पुष्कळांत काळाने उणावते, आणि तिच्यावर औषधेही आहेत.

पाय मिळेल त्या दिवशी लगेच हार घालून घरी निघू नका. तिथेच चालून पाहा, बसून पाहा, मग पाय काढून स्टंप न्याहाळा. लाली वीस मिनिटांत मावळली नाही, तर खोबणी त्या जागी खुपते आहे. तसे तिथेच सांगा. जास्तीचे मोजे मागून घ्या. आणि दुरुस्ती कोण करणार, कुठे, कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून घ्या. देणगी घेताना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे आहे असे मनात आणू नका.

पुढे रोज रात्री स्टंप साध्या साबणाने धुऊन कोरडा करावा आणि आरशात खालून पाहावा. मोजा रोज धुवावा. सकाळी पाय चढवण्याआधी तेल, हळद किंवा पावडर लावू नये. फोड आला तर भरेपर्यंत पाय घालू नये. टाचेची उंची बदलणारी नवी चप्पल घालू नये. पायाचा कल टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो, आणि अर्ध्या इंचाच्या फरकाने गुडघा पुढे किंवा मागे ढकलला जातो. टोचते म्हणून चांभाराकडून आत फोमचा तुकडा चिकटवून घेण्याचा मोह होतो. तेही टाळा, एका जागचा दाब दुसऱ्या जागी जातो.

मधुमेहाने पाय गेलेल्या घरात सर्वांचे लक्ष गेलेल्या पायाकडे असते. धोका उरलेल्या पायाला आहे. सारा भार आता त्याच्यावर आहे आणि बधिरताही तशीच आहे. तो रोज तपासा, बोटांच्या बेचक्यांसह. घरातही अनवाणी चालू देऊ नका. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, मागे पट्टा असलेली, खिळे नसलेली चप्पल घ्या; कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी जी वापरली जाते, तीच मधुमेही पावलालाही उपयोगी पडते. नाव जोडले म्हणून कमीपणा मानू नका.

कागदपत्रांचे काम आधी उरकावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात. बाकीच्या बहुतेक सवलतींचे दार तिथूनच उघडते. उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्डही सोबत असावे.

आणि खुंटीवरचा तो पाय? तो टाकून देऊ नका, अडगळीतही ढकलू नका. पिशवीत घालून तपासणीला सोबत न्या. त्याचे पाऊल, पट्टा, कधी पाइपसुद्धा नव्या खोबणीला जोडता येतो. शिवाय जाणता तंत्रज्ञ जुना पाय उलटा करून पाहतो, तेव्हा रबर टाचेच्या कोणत्या कडेला झिजले आहे आणि खोबणीत घामाचा डाग कुठवर चढला आहे, यावरून तो माणूस कसा चालत होता आणि कुठे दुखत होते हे त्याला कळते. नव्या पायाचे माप घेण्याआधी तो तेच पाहतो.